एक्सचेंज बसवण्याआधी स्कीमाची तयारी ८२२४ वर अडते तेव्हा

एक्सचेंज सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर) बसवण्यापूर्वी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची (कार्यालयातील खाती व यंत्रे यांच्या मध्यवर्ती नोंदवहीची) तयारी करायला घ्यावी, सेटअप पहिल्याच टप्प्यावर थांबावे, 'एलडीआयएफडीई चालवून स्कीमाची फाइल आयात करताना त्रुटी आली, त्रुटी क्रमांक ८२२४' अशा अर्थाचा संदेश लाल अक्षरांत यावा आणि पुन्हा पुन्हा चालवूनही तोच संदेश येत राहावा, ही तक्रार मला वर्षातून तीन-चार वेळा तरी ऐकू येते. नागपुरात मी ज्या कार्यालयांची यंत्रणा सांभाळतो त्यांच्याकडून ती येते, तशीच याच कामातल्या सहकाऱ्यांकडूनही येते. तक्रार करणाऱ्याने तोवर बहुधा इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल दोनदा नव्याने उतरवलेली असते, डॉटनेट काढून पुन्हा बसवलेले असते आणि नवे व्हर्च्युअल मशीन एकदा तरी पुसून टाकलेले असते. यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही, कारण दोष नव्या सर्व्हरमध्ये नसतो. तो आधीपासून डिरेक्टरीत मुरलेला असतो आणि स्कीमाला, म्हणजे डिरेक्टरीतील माहितीच्या आराखड्याला, हात लागेपर्यंत कोणाच्या नजरेस आलेला नसतो.

सेटअप नेमके काय करते ते आधी पाहू. तयारीचे तीन टप्पे आहेत. 'प्रिपेअरस्कीमा' हा पर्याय संपूर्ण फॉरेस्टच्या (सर्व डोमेन मिळून होणाऱ्या डिरेक्टरीच्या) स्कीमामध्ये एक्सचेंजला लागणारे वर्ग आणि गुणधर्म जोडतो. 'प्रिपेअरएडी' हा पर्याय कॉन्फिगरेशन विभागात एक्सचेंजची संस्था उभी करतो आणि मूळ डोमेनमध्ये 'मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज सिक्युरिटी ग्रुप्स' हे ऑर्गनायझेशनल युनिट व त्यातील गट तयार करतो. 'प्रिपेअरडोमेन' प्रत्येक डोमेनमध्ये आवश्यक त्या परवानग्या देतो; फॉरेस्टमध्ये एकच डोमेन असेल तर तो वेगळा चालवावा लागत नाही, कारण दुसऱ्याच टप्प्यात ते काम झालेले असते. खात्याला पुरेसे अधिकार असतील तर इन्स्टॉलेशनचे विझार्ड हे सगळे आपणहून उरकते, आणि म्हणूनच अनेक जण तयारी वेगळी करत नाहीत. माझे मत याच्या उलट आहे. तिन्ही टप्पे हाताने, एकेक करून आणि मध्ये रेप्लिकेशनला (बदल सर्व डिरेक्टरी सर्व्हरवर पोहोचण्याला) वेळ देऊन चालवावेत, कारण चूक झाली तर ती कोणत्या टप्प्यावर झाली हे लगेच कळते. शिवाय स्कीमातील बदल मागे घेता येत नाहीत. एकदा जोडलेला गुणधर्म निष्क्रिय करता येतो, पण काढून टाकता येत नाही, आणि जुन्या स्थितीत परतायचे तर बॅकअपवरून अख्खे फॉरेस्टच नव्याने उभे करावे लागते. तेव्हा डोमेन कंट्रोलरच्या (डिरेक्टरीची प्रत सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) सिस्टिम स्टेटचा ताजा बॅकअप हातात असल्याखेरीज पहिली कमांडही टंकू नये.

आता ८२२४ कडे वळू. या क्रमांकाचा शब्दशः अर्थ 'कार्यवाहीत त्रुटी' एवढाच असल्याने त्यातून काहीच बोध होत नाही. सेटअपचा स्वतःचा लॉग सी ड्राइव्हवरील 'एक्सचेंज सेटअप लॉग्ज' या फोल्डरमध्ये असतो, आणि त्रुटीच्या संदेशातच टेम्प फोल्डरमधील 'एलडीआयएफ डॉट ईआरआर' या फाइलचा पत्ता दिलेला असतो. दोन्ही वाचाव्यात, परंतु मूळ कारण तेथे सापडेलच असे धरून चालू नये. ते बहुतेक वेळा स्कीमा मास्टरची भूमिका सांभाळणाऱ्या डोमेन कंट्रोलरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये बसलेले असते.

याचे अगदी स्वच्छ उदाहरण एका जूनमध्ये माझ्यासमोर आले. त्या व्यावसायिकाचे मुख्य कार्यालय सीताबर्डीवर, कारखाना हिंगणा एमआयडीसीत आणि गोदाम अमरावती रोडवर वाडीला होते. डोमेन एकच होते आणि डोमेन कंट्रोलर दोन होते, एक सीताबर्डीला आणि दुसरा, गोदामातली बिलिंगची यंत्रे लाइन तुटली तरी चालावीत म्हणून, वाडीला बसवलेला. एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणाऱ्या पाचही विशेष भूमिका (एफएसएमओ), स्कीमा मास्टर धरून, सीताबर्डीच्या डोमेन कंट्रोलरकडे (डीसीकडे) होत्या. लोक रोज लॉगिन करत होते, प्रिंटर चालत होते, नवी खातीही उघडली जात होती. मग वळवाच्या वादळात रात्री वीज गेली, यूपीएस संपला आणि सकाळी सर्व्हर पुन्हा सुरू झाले. त्याच आठवड्यात एक्सचेंजची तयारी चालवली आणि ती ८२२४ वर थांबली.

सीताबर्डीच्या डीसीवर रेप्लिकेशनची स्थिती दाखवणाऱ्या 'रेपअ‍ॅडमिन'ला 'रेप्लसमरी' हा पर्याय देऊन चालवले. वाडीच्या सर्व्हरच्या नावापुढे 'लार्जेस्ट डेल्टा' (शेवटच्या यशस्वी रेप्लिकेशनला उलटलेला काळ) या रकान्यात साठ दिवसांहून अधिक असे दिसत होते, सगळे प्रयत्न अयशस्वी ठरले होते आणि शेवटी १७२२ म्हणजे आरपीसी सर्व्हर उपलब्ध नसल्याची नोंद होती. गोदामात फोन लावला, तेव्हा स्टोअरकीपर म्हणाला, "साहेब, तो डब्बा त मागच्या नवतप्यातच बंद केला ना. लय तापत होता, अन् खोलीत कूलर बी नाही." त्याचा यात काडीमात्र दोष नव्हता. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतील यंत्र बंद करणे हेच शहाणपण होते. ते यंत्र काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

म्हणजे वर्षभराहून अधिक काळ दोनपैकी एक डीसी बंद होता आणि कोणालाही काहीच जाणवले नव्हते. मग तयारी आत्ताच का अडली? उत्तर डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये २०९२ क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये होते. त्याचा आशय असा की हा सर्व्हर अमुक भूमिकेचा धनी आहे, परंतु रीस्टार्ट झाल्यापासून त्या विभागाचे रेप्लिकेशन कोणत्याही भागीदाराशी यशस्वी न झाल्याने तो ती भूमिका वैध मानत नाही. ही सुरक्षेची रचना आहे आणि ती योग्यच आहे. डीसी बंद असताना त्याची भूमिका कोणी दुसऱ्या सर्व्हरकडे नेली असेल, तर परत आल्यावर दोघे एकाच वेळी स्कीमा बदलू लागतील. ते टाळण्यासाठी भूमिकेचा धनी आधी शेजाऱ्याला विचारून घेतो आणि शेजारी बोलेपर्यंत स्कीमाला हात लावू देत नाही. इथे शेजारी एकच होता, आणि तो वाडीच्या टेबलाखाली बंद पडून होता.

रोजचे काम मात्र चालू राहते, कारण स्कीमा मास्टरची गरज रोज पडतच नाही. खाती उघडायला लागणारे आरआयडी (प्रत्येक खात्याची ओळख ठरवणारे) क्रमांकही डीसीला पाचशेच्या गठ्ठ्याने आधीच मिळालेले असतात, त्यामुळे आरआयडी मास्टर रुसला तरी तो गठ्ठा संपेपर्यंत काही कळत नाही.

असे दिसल्यावर पहिला मोह होतो तो बंद सर्व्हर सुरू करून पाहण्याचा, आणि तो आवरणे फार आवश्यक आहे. डिरेक्टरीत हटवलेल्या वस्तूंची खूण, म्हणजे टूम्बस्टोन, ठरावीक काळच ठेवली जाते. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून उभ्या केलेल्या फॉरेस्टमध्ये हा काळ १८० दिवसांचा असतो. त्याआधीच्या फॉरेस्टमध्ये तो ६० दिवसांचा असतो आणि पुढे कितीही नवे विंडोज चढवले तरी तो आपोआप वाढत नाही. या मुदतीहून जास्त काळ बाहेर राहिलेला डीसी परत आला, तर दरम्यान हटवलेली खाती त्याच्याजवळ जिवंतच असतात. इतर डीसी त्याच्याशी रेप्लिकेशन नाकारतात आणि २०४२ क्रमांकाचा इव्हेंट नोंदवतात, आणि हा नकार सक्तीने मोडून काढण्याची रजिस्ट्रीतील युक्ती कोणी सुचवली तरी ती वापरू नये. मुदतीच्या आत असलेला डीसी निःशंक सुरू करावा, रेप्लिकेशन पूर्ण होऊ द्यावे आणि तयारी पुन्हा चालवावी. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. मुदत उलटलेला डीसी कायमचा बाहेर काढणे हाच मार्ग उरतो.

बाहेर काढण्याचे काम पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी यूजर्स अँड कॉम्प्युटर्स' मध्ये डोमेन कंट्रोलर्स या ऑर्गनायझेशनल युनिटमधील मृत सर्व्हरचे खाते हटवले, आणि हा डीसी कायमचा ऑफलाइन आहे या अर्थाच्या पर्यायावर खूण केली, की मेटाडेटाची (डिरेक्टरीत उरलेल्या त्या सर्व्हरच्या नोंदींची) साफसफाई त्यासोबतच होते. 'एनटीडीएसयुटिल' चा जुना मार्गही उपलब्ध आहेच. त्यानंतर 'साइट्स अँड सर्व्हिसेस' मधून त्या सर्व्हरची नोंद काढावी आणि डीएनएसमधील (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेतील) त्याच्या नावाच्या एनएस, ए आणि एसआरव्ही नोंदी स्वतः शोधून हटवाव्यात. या शेवटच्या कामाचा कंटाळा केला जातो आणि मग एक्सचेंज महिनोन्‌महिने मृत डीसीला हाका मारत राहते. मृत सर्व्हरकडेच एखादी भूमिका असेल, तर ती जिवंत डीसीकडे सक्तीने आणावी लागते, आणि एकदा तसे केले की जुना सर्व्हर त्या नेटवर्कवर पुन्हा कधीही जोडायचा नाही. कोणती भूमिका कोणाकडे आहे हे 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' या एका ओळीच्या कमांडने कळते. ती अंदाजावर सोडू नये, कारण 'मुख्य सर्व्हर' म्हणून सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात त्याच्याकडे सर्व भूमिका असतातच असे नाही.

साफसफाईनंतर सीताबर्डीला एकच डीसी उरला. एकाच डीसीच्या भरवशावर एक्सचेंज बसवणे मला मान्य नव्हते, म्हणून आधी दुसऱ्या हार्डवेअरवर दुसरा डीसी उभा केला, दोन्ही बाजूंचे रेप्लिकेशन निर्दोष होईपर्यंत थांबलो, डीसीची तपासणी करणारे 'डीसीडायग' चालवून पाहिले आणि मगच पुन्हा तयारीला हात घातला. आदल्या वेळी अर्धवट राहिलेल्या आयातीची चिंता करण्याचे कारण नव्हते. तोच पर्याय पुन्हा चालवला की उरलेले काम पूर्ण होते. यावेळी स्कीमाचा टप्पा काही मिनिटांत विनातक्रार पार पडला.

८२२४ न येता तयारी दुसऱ्याच ठिकाणी अडत असेल, तर माझ्या अनुभवात कारणे थोडीच असतात आणि त्यांत डीएनएस सर्वांत वर असते. 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अस्तित्वात नाही किंवा तिच्याशी संपर्क होत नाही' असा संदेश आला, की नव्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरील डीएनएसचे पत्ते पाहावेत. पहिला पत्ता डीसीचा आणि दुसरा इंटरनेटच्या राउटरचा किंवा एखाद्या सार्वजनिक डीएनएसचा, अशी जोडी आपल्याकडे सर्रास आढळते, आणि 'पहिला बंद पडला तर निदान इंटरनेट तरी चालेल' असे तिचे समर्थनही केले जाते. परंतु पहिल्याकडून उत्तर यायला थोडा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारते, दुसरा 'असे नावच नाही' असे ठामपणे सांगतो आणि ते उत्तर खरे मानले जाते. म्हणून कधी चालते, कधी चालत नाही, आणि शोधणारा चक्रावून जातो. डोमेनमधील कोणत्याही यंत्रावर डोमेनच्या डीएनएसखेरीज दुसरा पत्ता नको. बाहेरच्या नावांसाठी डीसीवरील डीएनएसमध्ये फॉरवर्डर द्यावेत. नंतर 'एनएसलुकअप' मध्ये एसआरव्ही प्रकार निवडून डोमेन कंट्रोलरच्या एलडीएपी नोंदी विचाराव्यात. उत्तरात फक्त जिवंत डीसींचीच नावे यायला हवीत.

दुसरे कारण अधिकारांचे आहे. स्कीमाच्या टप्प्यासाठी खाते 'स्कीमा अ‍ॅडमिन्स' आणि 'एंटरप्राइझ अ‍ॅडमिन्स' या दोन्ही गटांत असावे लागते. केवळ 'डोमेन अ‍ॅडमिन्स' पुरत नाही. गटात नाव घातले आणि त्याच बसलेल्या सत्रात कमांड चालवली तर नवे अधिकार लागू झालेले नसतात, कारण ते लॉगिनच्या वेळीच टोकनमध्ये येतात. लॉगऑफ करून पुन्हा यावे, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि 'हूअ‍ॅमआय' ला 'ग्रुप्स' हा पर्याय देऊन दोन्ही गट यादीत आले आहेत याची खात्री करावी. काम संपल्यावर ते खाते 'स्कीमा अ‍ॅडमिन्स' मधून आठवणीने काढावे. तो गट एरवी रिकामाच असावा.

तिसरे, तयारी ज्या यंत्रावरून चालवता ते स्कीमा मास्टरच्याच डोमेनमध्ये आणि त्याच साइटमध्ये (जलद जोडणीच्या एकाच जाळ्यात) असले पाहिजे. हिंगण्याच्या कारखान्याचे सबनेट 'साइट्स अँड सर्व्हिसेस' मध्ये नोंदवलेलेच नसेल, तर तेथील यंत्राला आपली साइट कोणती हेच ठाऊक नसते. 'एनएलटेस्ट' ला 'डीएसगेटसाइट' हा पर्याय दिला की ते एका ओळीत समोर येते. साइट वेगवेगळ्या असतील तर हेही लक्षात ठेवावे की साइटमधील रेप्लिकेशन काही सेकंदांत होते, पण दोन साइटमधील रेप्लिकेशनचे मूळ अंतर १८० मिनिटांचे असते. पहिला टप्पा संपताक्षणी दुसरा चालवण्याची घाई तेथे अंगाशी येते.

घड्याळाचाही एक शब्द. केर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) पाच मिनिटांहून अधिक तफावत चालवून घेत नाही, आणि व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ होस्टकडून व डोमेनकडून असे दोन्हीकडून जुळवले जात असेल तर वीज जाऊन आल्यानंतर ही तफावत हमखास पडते.

जुन्या टिपणांतील कमांड जशीच्या तशी उतरवणाऱ्यांना आणखी एक अडथळा भेटतो. सप्टेंबर २०२१ च्या क्युम्युलेटिव्ह अपडेटपासून परवान्याच्या अटी मान्य करणाऱ्या पर्यायाच्या शेवटी 'डायग्नोस्टिक डेटा ऑन' किंवा 'ऑफ' असा निर्णय जोडावा लागतो. तो नसेल तर सेटअप पुढे सरकतच नाही. तसेच एक्सचेंज २०१९ साठी फॉरेस्टची फंक्शनल लेव्हल किमान विंडोज सर्व्हर २०१२ आर२ असावी लागते, म्हणजे त्याहून जुना एखादा डीसी कोपऱ्यात चालू असेल तर आधी त्याची पाठवणी करावी लागते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नव्याने बसवणाऱ्यांनी जुलै २०२५ मध्ये आलेली सबस्क्रिप्शन एडिशनच घ्यावी. तिची तयारी याच तीन टप्प्यांची आहे.

'प्रिपेअरएडी' च्या वेळी संस्थेचे नाव विचारले जाते. ते ६४ अक्षरांपर्यंत असू शकते, त्यात रोमन अक्षरे, अंक, मधली मोकळी जागा आणि हायफन एवढेच चालते, आणि पुढे ते बदलता येत नाही. म्हणून दुकानाचे आजचे नाव उत्साहाने घालण्याऐवजी मालकी किंवा पाटी बदलली तरी खटकणार नाही असे साधे नाव द्यावे. याच टप्प्यावर 'अदर वेलनोन ऑब्जेक्ट्स' या गुणधर्मातील नोंद हटवलेल्या वस्तूकडे बोट दाखवते, अशी त्रुटी आली तर समजावे की या डोमेनमध्ये कधीतरी आधी एक्सचेंज होते आणि त्याचे सुरक्षा गट कोणीतरी निरुपयोगी समजून हाताने पुसले आहेत. त्रुटीच्या मजकुरात कोणती नोंद बिघडली ते दिलेले असते. तेवढीच नोंद काढून टप्पा पुन्हा चालवावा. गट नवे तयार झाले की ते हटवू नयेत, हे मात्र कार्यालयात सर्वांना लेखी कळवावे.

तयारी यशस्वी झाली असे सेटअपने सांगितले तरी मी थेट आकडे पाहतो. 'एडीएसआय एडिट' मध्ये स्कीमा विभाग उघडून 'एमएस-एक्सच-स्कीमा-व्हर्जन-पीटी' या वस्तूची 'रेंजअपर' किंमत पाहावी. २०१९ च्या दहाव्या क्युम्युलेटिव्ह अपडेटपासून ती १७००३ असते. डोमेनच्या विभागातील 'मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज सिस्टिम ऑब्जेक्ट्स' या कंटेनरचा 'ऑब्जेक्टव्हर्जन' बाराव्या अपडेटपासून १३२४३ असतो. हे दोन्ही आकडे प्रत्येक डीसीशी स्वतंत्रपणे जोडणी करून पाहावेत, एकाच डीसीवर नव्हे. सगळीकडे तेच आकडे आले की रेप्लिकेशन खरोखर पोहोचले.

डोमेनच्या टप्प्याचा एक परिणाम मात्र या आकड्यांत दिसत नाही. 'एक्सचेंज सर्व्हर्स' गटाला डीसीवरील ऑडिटिंग व सिक्युरिटी लॉग हाताळण्याचा अधिकार 'डिफॉल्ट डोमेन कंट्रोलर्स पॉलिसी' मधून मिळतो. ती पॉलिसी कोणी अनलिंक केली असेल किंवा तिच्या वर दुसरी पॉलिसी चढवली असेल, तर तयारी सफल दिसते आणि एक्सचेंजच्या सेवा मात्र नंतर योग्य डीसी सापडत नाही म्हणून बंद पडतात. ती पॉलिसी डीसींच्या ऑर्गनायझेशनल युनिटला जोडलेली आहे हे इन्स्टॉलेशनच्या आधीच पाहावे, आणि इन्स्टॉलेशननंतर अ‍ॅप्लिकेशन लॉगमधील २०८० क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये प्रत्येक डीसीच्या ओळीत एसएसीएलच्या (याच अधिकाराच्या) रकान्यात १ आला आहे का ते तपासावे; ० असेल तर दोष इथेच आहे.

वाडीचे ते यंत्र दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन पाहिले. वर बारदानाची गठडी ठेवलेली होती आणि पंख्याच्या जाळीत धुळीचा थर इतका बसला होता की पाती दिसत नव्हती. स्टोअरकीपरला ते गेटपास छापण्यासाठी हवे होते. त्याची नेटवर्क केबल आधी काढली, डिस्क पूर्ण पुसली, साधे विंडोज बसवले, नव्या नावाने डोमेनमध्ये जोडले आणि मगच ते त्याच्या स्वाधीन केले.